देव पाण्यात, गडी मैदानात

गोधडी शिवायला चार बाया एका जागी बसल्या की चिंध्या कमी पडतात, किस्से कमी पडत नाहीत. एकीनं टाका घातला की दुसरीला काहीतरी आठवतं, तिसरी ते खोडून काढते, चौथी हसता हसता सुई हरवते. आमच्या टेंभुर्णीत तर एकाच विषयावरच्या किस्स्यांची अख्खी गोधडी होईल. विषय म्हणजे हुतुतू. खेळतात पुरुष, पण जिंकवतात बाया, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. कशानं? देवाच्या मागं लागून!

मी या घरात येऊन अजून वर्ष झालेलं नाही. टेंभुर्णीच्या टीमचे म्होरके आमचे हे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, जाफराबादच्या तहसिलीत उर्दू कारकून आहेत, ते ऐटीत ह्यांना 'कॅप्टन' म्हणतात. माझं माहेर केदारखेडा. तिथल्या टीममध्ये माझा धाकटा भाऊ सोपान खेळतो. आता आली का पंचाईत लक्षात? दरसाल सुगी उरकली की शनिवारी शनिवारी गावागावांत हुतुतू लागतो, आणि शेवटचा मोठा डाव चैत्रातल्या जत्रेला. यंदा जसजसे शनिवार गेले तसतशी टेंभुर्णी जिंकत गेली. तिकडून केदारखेडाही जिंकत आला. मी गल्लीतल्या बायांत बसून हात जोडत होते, आणि आतून मला एकच भीती होती, चैत्रात मी कुणासाठी हात जोडणार?

मी फार बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळ्या सगळं बोलतात. वडील मास्तर असल्यानं लिहिता येतं. तुम्ही हसा खुशाल. माझे मात्र लिहिता लिहिता कान गरम होतात.

*

लग्नाला पंधरा दिवस झाले होते. सकाळी फुलं घेऊन देवघरात गेले, तर देव्हारा रिकामा! अन्नपूर्णा नाही, बाळकृष्ण नाही, खंडोबाचा टाक नाही. नुसतं लाल कापड. चोरी म्हणावी तर समई जागच्या जागी, चांदीची वाटी जागच्या जागी. विचारावं तर मी नवी. आईनं निघताना बजावलं होतं, "तिथली रीत बघून घे, विचारत बसू नको." मंग मी ठरवून टाकलं, या घरची हीच रीत असेल. कापडावर फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, डोळे मिटून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तर समोर रांगोळीपण काढली.

मामंजी त्या आठवड्यात कचेरीच्या कामानं जाफराबादला होते, त्यामुळं पूजा माझ्याकडंच होती.

चौथ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कोपऱ्यातल्या तांब्याच्या पातेल्यावरचं ताट उचललं आणि ओरडल्या, "अगं माय! देव राह्यले की!"

त्याचं असं झालं होतं. शनिवारी धावड्याच्या टीमसंगं हुतुतू होता. आत्याबाईंनी पहाटे सगळे देव पाण्यात ठेवले आणि त्यांना दम दिला, "जिंकलो तर बाहेर, न्हाई तर बसा तसेच!" टेंभुर्णी जिंकली. गुलाल उधळला, जिलब्या आल्या, आणि या गडबडीत देव तसेच पातेल्यात. खंडोबाच्या टाकाला हिरवट डाग पडला होता.

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "मंग तीन दिवस तू पूजा कुणाची करून राह्यली गं?"

"जागेची," मी म्हणाले.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना हसून हसून ठसका लागला. तेवढ्यात शेजारच्या गोदाकाकू आल्या. आत्याबाई चिंचेनं देव घासून राह्यल्या होत्या. गोदाकाकूंनी पातेल्यात डोकावून बघितलं.

"कामून पुसता बाई? राहू द्या तसेच. येत्या शनिवारी परत ठेवायचेच हायेत!"

*

गोदाकाकूंची ओळख करून द्यायला पाहिजे. खरं तर गरज नाही. त्या बोलायला लागल्या की टेंभुर्णीच्या चारी वेशीला ओळख होते. त्या आमच्या चुलत सासूबाई. त्यांना एकदा वाटलं, आपण देवीला इतकं सांगतो, पण बराबर पोचत नाही. एका दुपारी त्या मामंजींपुढं येऊन बसल्या.

"भावजी, एक दरखास्त लिहून द्या. देवीला. उर्दूत."

"देवीला उर्दूत?"

"मंग? सरकारात मराठी दरखास्त चालती का? राज्य तर एकच हाय. तिच्या दरबारात बी तसंच असल!"

मामंजींनी चष्मा पुसला. मी पाणी द्यायला गेले होते. लिहिताना त्यांचे खांदे हलत होते आणि मिशी आवरत नव्हती. मला उर्दू येत नाही, पण काहीतरी काळंबेरं आहे एवढं कळलं. मी गप्प राहिले. गप्प राहणं हा माझा गुण आहे असं सगळे म्हणतात.

गोदाकाकूंनी कागदाला हळदीचं बोट लावलं आणि तो देवीच्या पायाशी नारळाखाली ठेवला. तिथंच राहिला असता तर बरं झालं असतं. पण नारळ गुरवानं नेला, आणि कागद वाऱ्यानं उडत पारावर मदरशाच्या मौलवीसाहेबांच्या पायाशी गेला. सरकारी कागद असेल म्हणून त्यांनी चार माणसांत मोठ्यानं वाचला:

"मुसम्मात गोदाबाई, साकिन टेंभुर्णी, अर्ज करती है के इसकी आवाज़ आधी की जाए. मोहल्ला दुआ देगा."

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मला वाटलं, काकू आता तोंड दाखवणार नाहीत. मला त्यांची इतकी लाज वाटली की मीच विहिरीवर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्या तरातरा आल्या आणि ओट्यावरून मामंजींना म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"बघितलं ना भावजी? देवीनं बिलकुल मंजूर केली न्हाई!"

*

आता नवसाचं. नवस आपण बोलायचा आणि आपणच फेडायचा, अशी माझी समजूत होती. आमच्या घरात बोलतात आत्याबाई आणि फेडतात सुना.

जानेफळच्या डावाआधी त्यांनी हात जोडले, "आई, आमचे गडी जिंकू दे. मह्या दोन्ही सुना पाच मंगळवार मीठ खाणार न्हाईत!"

आम्ही दोघी चुलीपाशी. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. पुढं टेंभुर्णी जिंकली. आमच्या दोघींच्या ताटातलं मीठ गेलं.

जाऊबाई खमक्या आहेत. पुढच्या डावाला त्यांनीच आधी हात जोडले. "आई, आपले गडी जिंकू दे. आमच्या आत्याबाई चार मंगळवार मौन धरतील!"

आत्याबाईंनी नुसते डोळे वटारले. देवापुढं बोलून झालेलं. आणि टेंभुर्णी परत जिंकली!

पहिल्या मंगळवारी आम्हाला वाटलं, आता सुख. पण आत्याबाई पळीनं बोलायला लागल्या. पळी पातेल्यावर एकदा आपटली म्हणजे 'पाणी', दोनदा म्हणजे 'जल्दी', आणि तीनदा म्हणजे काय ते आम्हाला चौथ्यांदा आपटेपर्यंत कळायचं नाही. संध्याकाळी जाऊबाई कपाळ धरून बसल्या.

"बोलत व्हत्या तवा एका चुकीला एक शिवी व्हती. आता सगळ्या शिव्या डोळ्यांतूनच. ऐकू येऊन राह्यलं, पण डोळ्यांना उलटं बोलायचं कसं?"

यात माझंही एक आहे. ते कुणाला माहीत नाही. तिसऱ्या मंगळवारी भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा मी कणगीमागं जाऊन मिठाचा खडा जिभेवर ठेवला. एकच. त्या शनिवारी ह्यांच्या पायाचा अंगठा निखळला. डाव जिंकले, पण आठ दिवस लंगडत होते. आत्याबाई रोज शेकायच्या आणि म्हणायच्या, "कुणाची नजर लागली की काय की!"

मी शेकायचं पाणी गरम करून द्यायची. खाली बघून.

*

हा किस्सा छोटाच आहे.

आमच्या परसाच्या भिंतीला एक भोक आहे. त्यातून खळं दिसतं, आणि खळ्यात टीम सरावाला येते. लंगोट, अंगाला माती, आणि 'हुतुतुतु' करत मांजरासारखे पुढं सरकणारे हे. घरात मान वर करून दोन शब्द न बोलणारा माणूस तिथं वाघ होतो. मी म्हणलं, एकदा बघू. मंग रोज बघायला लागले.

एक दिवस पाठीमागून जाऊबाई. "काय करून राह्यली गं?"

"प्रार्थना," मी म्हणाले. "टीमसाठी."

जाऊबाईंनी मला बाजूला केलं, भोकाला डोळा लावला, आणि जरा वेळानं म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून केली की लौकर पावते वाटतं!"

*

दुसऱ्याचं वाईट मागू नये, हे आम्हाला गोदाकाकूंनी शिकवलं. म्हणजे त्यांनी मागितलं आणि आम्ही शिकलो.

जाफराबादच्या टीममध्ये एक लांबलचक गडी होता. हात लांबवला की पलीकडचा माणूस बाद. काकूंनी आदल्या दिवशी लापशी केली, देवीला नैवेद्य दाखवला आणि डोळे मिटून पुटपुटल्या. पहिल्यांदाच मी त्यांना पुटपुटताना बघितलं. वाईट मागताना त्यांचाही आवाज खाली जातो, हे पाहून मला जरा बरं वाटलं.

मंग तीच लापशी प्रसाद म्हणून आमच्या सगळ्या गड्यांना वाटीवाटीनं दिली. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेली.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीचे गडी मैदानावर कमी आणि बाभळीच्या मागं जास्त. एक जण 'हुतुतू' म्हणत शत्रूच्या बाजूला गेला आणि तसाच पुढं पळत निघून गेला. पंचांनी विचारलं, "बाद झाला का?" तर लोक म्हणाले, "साहेब, जाऊ द्या त्याला!" कसेबसे एका गड्यानं जिंकलो.

संध्याकाळी आत्याबाईंनी काकूंना धरलं. "खरं सांग गोदे, काय मागितलं व्हतं?"

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पोट बिघडू दे म्हणलं... कुणाचं ते जरा हळू म्हणले."

ओट्यावरून मामंजींचा आवाज आला. "म्हणजे दरखास्त मंजूर झाली!"

*

फाल्गुनात मी चार दिवस माहेरी गेले. केदारखेड्याचं वातावरण बघून मला हसावं का रडावं कळेना. आमच्याकडच्यासारखंच! आईनंही देव पाण्यात ठेवलेले. म्हणजे दोन्ही गावचे देव बुडालेले. वर राहून ऐकणार कोण?

पण घरात सोपान बोलत नव्हता. ताटावर बसायचा, उठायचा. पारावर जाणं त्यानं सोडलं होतं. मी आईला विचारलं, तेव्हा कळलं; सासरी हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या लग्नानंतर महिन्याभरात टेंभुर्णी आणि केदारखेड्याचा एक साधा डाव झाला होता. आमचे हे दम घेऊन त्यांच्या बाजूला गेले आणि परत फिरताना पाय घसरून पडले. सोपान सगळ्यांत जवळ. त्यानं झेप घेतली, दोन्ही हातांत ह्यांचे दोन्ही पाय आले. आता नुसतं धरून ठेवायचं. पण जावयाचे पाय! लग्नात आईवडिलांनी धुतलेले, भेटेल तेव्हा वाकून शिवायचे, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्याचे हात पायाला लागले आणि सवयीनं कपाळाला गेले. त्यानं नमस्कार केला! हे उठले, शांतपणे रेघ ओलांडून परत आले, आणि केदारखेडा हरला.

तेव्हापासून त्याचं नाव 'पायपड्या'.

"पोरं रस्त्यात आडवी येऊन पाय पुढं करतात, अक्का," सोपान मला म्हणाला. आम्ही दोघंच गोठ्यापाशी होतो. "परवा पिंपळगावचे पाव्हणे आल्ते, मह्या सोयरिकीचं बोलायला. त्यांनी बी विचारलं, 'पायपड्या म्हणतात ते हेच का?' मी आतल्या आत मेलो. जत्रेला जर हरलो न् अक्का, तर मी खेळ सोडतो. गावबी सोडतो."

"असं बोलू नये."

"तू देवाला सांग की मंग. तू सांगितलं तर ऐकतो. लहानपणी मह्या तापाला तूच देवापुढं बसल्ती."

मी गाईपुढं वैरण सारली. गप्प राहणं हा माझा गुण.

आईला मात्र मी विचारलं, "तू कुणासाठी मागते गं? एका बाजूला लेक, एका बाजूला जावई."

आई भाकरी थापता थापता थांबली. तिनं याचा विचार करून ठेवला होता.

"मी दोघांचं मागते. जावई जिंकू दे, आन् मह्या पोराला हरू देऊ नको!"

सोपान ताटावरून उठून गेला.

*

आणि आला चैत्र. शेवटी उरले टेंभुर्णी आणि केदारखेडा. व्हायचं तेच झालं.

आमच्या वेशीत जो शेंदरी देव आहे, त्याचीच ती जत्रा. त्या देवाचं नाव मला इथं लिहिता येत नाही. कारण त्याचं आणि आमच्या ह्यांचं नाव एकच! ओळखा अंजनीचा कोणता लेक ते. नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडं पक्कं आहे. त्यामुळं लग्न झाल्यापासून मला त्या देवाचं नावही बंद. शनिवारी मी नुसतं 'वेशीतले' म्हणते.

जत्रेच्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली. "तू जा. नव्या सुनेचं देव लौकर ऐकतो. आन् बराबर माग. नुसतं 'ह्यांना जिंकू दे' म्हणू नको. 'ह्यांना, ह्यांना' करणाऱ्या गावात शंभर बाया हायेत. देवाला काय कळल 'हे' कोण?"

"मंग काय म्हणू?"

नाव तर घेता येत नाही. बायांची तिथंच सभा भरली. जाऊबाई म्हणाल्या, "म्हण, तात्याच्या लेकाला." पण तात्याला, म्हणजे मामंजींना, लेक दोन, आणि दुसरा जाऊबाईंचा नवरा. तो तर खेळतच नाही. गोदाकाकू म्हणाल्या, "लंगोटाचा रंग सांग." मी मान खाली घातली. शेवटी आत्याबाईंनाच सुचलं.

"सोपं हाय की! म्हण, 'देवा, तुह्या नावाच्या गड्याला जिंकू दे.' त्यात आयुष्य बी कमी होत न्हाई आन् पत्ता बी चुकत न्हाई!"

सगळ्यांनी वाहवा केली. मी रस्ताभर ते पाठ करत गेले. तुझ्या नावाच्या गड्याला जिंकू दे. तुझ्या नावाच्या गड्याला जिंकू दे. सोबत जाऊबाई होत्या, पण त्या दाराबाहेर चपलांपाशी थांबल्या. बायांनी आत गाभाऱ्यात जायचं नसतं. मी उंबऱ्यापाशी तेल ठेवलं आणि हात जोडले.

मैदान देवळाच्या मागंच. हलगी वाजत होती. पोरांचा ओरडा ऐकू येत होता, आणि ओरडा एकच होता:

"पायपड्या! ए पायपड्या! ये, पाय पड!"

माझ्या गावचा तो आवाज नव्हता. माझ्या सासरचा होता. शंभर माणसं, आणि मध्ये सोपान उभा असेल. तो कसा उभा असेल ते मला माहीत आहे. मार खाल्ला की तो डाव्या पायावर भार देतो आणि वर आभाळाकडं बघतो.

मी डोळे मिटले. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. पहिला शब्द 'देवा' म्हणायचा होता. तो निघाला नाही. निघालं ते नाव. नाव घेतलं मी. मोठ्यानं, स्वच्छ, पहिल्यांदा. आणि नावापुढं म्हणाले, "हरू दे. आजच्या दिवस."

म्हणून झालं. वळून बघितलं तर जाऊबाई दारात. तोंडावर हात.

"अगं बाई! नाव घेतलं!"

पुढचं हलगीत बुडालं असावं. बुडालं की नाही हे बघायला मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्या डोळ्यांत नुसती गंमत होती.

डाव दुपारी संपला. मी बघितला नाही, ऐकला. शेवटी आमच्याकडून हेच उरले होते आणि त्यांच्याकडून सोपान आणि आणखी दोघं. हे दम घेऊन गेले, एकाला बाद केलं, परत फिरले, आणि सोपाननं पाय धरले. लोक ओरडले, "नमस्कार कर! नमस्कार कर!" त्यानं कपाळ ह्यांच्या पायावर टेकवलं, पण हात काही सोडले नाहीत! तसाच दंडवत घातलेला, आणि हे हुतुतू हुतुतू करत मातीत सरपटत राहिले. रेघ चार बोटं लांब असताना दम सुटला. पडताना उजवा खांदा निखळला.

ह्यांना दोघांनी धरून घरी आणलं. हाडवैद्यानं खांदा बसवला तेव्हा आवाज बाहेर चुलीपर्यंत आला. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

दिवे लागायच्या आधी सोपान आला. गुलाल धुऊन आला होता, पण कानात राहिला होता. दारात उभा. आत येईना. आत्याबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ये की. पाय धरून झाले, आता हात धू आन् जेवायला बस!"

सोपान रडायलाच लागला. ह्यांनी डाव्या हातानं त्याला जवळ ओढलं. "लई धरलं रे. सुटायला बघितलं, सुटलंच न्हाई. आता गावात कुणी काही म्हणल का तुला?"

"न्हाई दाजी."

"मंग झालं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, आणि जाऊबाईंना राहवलं नाही. "तुम्हाला एक सांगू का? आपल्या नव्या बाईनं आज देवळात नाव घेतलं! सरळ नाव! मी मह्या कानानं ऐकलं!"

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. गोदाकाकू आल्याच होत्या. त्यांनी गालावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता आत्याबाई काय बोलतील. आत्याबाई उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

"बोलू द्या लोकांना. नवऱ्यासाठी लेकरानं लाज सोडली. तिनं नाव घेऊन मागितलं म्हणून तर खांद्यावर निभावलं. न्हाई तर आज मान मोडल्ती!"

गोदाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मामंजी खाकरले. सोपान माझ्याकडं बघत होता. तो मला लहानपणापासून ओळखतो. मी मान वर केली नाही. सगळे म्हणाले, किती लाजाळू आहे पोरगी!

सगळे जेवायला आत गेले. मी ह्यांच्या खांद्याला हळदीचा लेप लावायला बसले. घरात हे माझ्याशी फार बोलत नाहीत. लेप अर्धा झाला. मंग भिंतीकडं बघत म्हणाले,

"ऐकून राह्यलोय मघापासून. देवाला ऐकवलं. मला बी एकदा ऐकव की."

"काय?"

"नाव."

आतून ताटांचा आवाज येत होता. माझी हळदीची बोटं तशीच राहिली. मी खाली बघूनच नाव घेतलं. हळू.

हे हसले. पहिल्यांदाच त्यांना असं हसताना जवळून बघितलं. मान वळवता येत नव्हती, तरी त्यांनी ती माझ्याकडं वळवली.

"आन् पुढं?"